मातीत घडवा विसरणारा मेंदू

गणेशोत्सवासाठी घरी किंवा शाळेत शाडूची मूर्ती केली की थोडी माती हमखास उरते. या उरलेल्या मातीला एक काम देता येईल. गणेशोत्सवाच्या सुमारासच, २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिन येतो. १९९४ पासून तो जगभर पाळला जातो. या रोगाची लोकांना ओळख व्हावी म्हणून त्या दिवशी शाळेत एखादे शिल्प मांडायचे ठरले, तर तुम्ही काय घडवाल?

बहुतेकजण डोक्याला हात लावून बसलेले आजोबा घडवतील. ते शिल्प पाहून लोक हळहळतील खरे. पण त्यांना नवे काय समजेल? 'म्हातारपणी असे व्हायचेच,' असे म्हणून ते पुढे जातील. आपल्याकडे तर त्यासाठी म्हणही तयार आहे : साठी बुद्धी नाठी! म्हणजे जी समजूत दूर करायची, तिलाच आपले शिल्प बळकटी देईल.

मूर्तिकार मूर्तीला हात घालण्यापूर्वी शरीराची मापे आणि घडण अभ्यासतो. आपणही तसेच करू. आधी रोग समजून घेऊ आणि मग एक नव्हे, तीन शिल्पे घडवू.

एक्कावन्न वर्षांची रुग्ण

नोव्हेंबर १९०१ मधली गोष्ट. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची एक स्त्री दाखल झाली. तिचे वय होते अवघे ५१. डॉक्टरांनी तिला नाव विचारले, तिने ते बरोबर सांगितले. पतीचे नाव विचारले, तेव्हा तिने पुन्हा स्वतःचेच नाव सांगितले. तिला नाव लिहायला सांगितले, तर 'श्रीमती' एवढा शब्द लिहून ती थांबली. पुढे काय लिहायचे ते विसरली होती. आपण स्वतःच हरवलो आहोत, असे ती म्हणत असे.

हे सारे बारकाईने टिपून ठेवणाऱ्या डॉक्टरांचे नाव होते आलोईस अल्झायमर. ऑगुस्ट १९०६ साली वारली. अल्झायमर तेव्हा म्युनिकला काम करीत होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, त्याचे पातळ काप केले, चांदीच्या क्षारांनी ते रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना दोन विलक्षण गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर कसल्या तरी पदार्थाचे गोळे साचले होते आणि पेशींच्या आत जाड धाग्यांचे गुंते झाले होते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी ही माहिती मांडली. पुढे १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन या मानसरोगतज्ज्ञांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे रुग्ण साठीचीसुद्धा नव्हती. दुसरी म्हणजे तिच्या विसरण्याला शरीरात दिसणारे, दाखवता येणारे कारण होते. क्षयरोगात फुफ्फुसाला इजा होते, तशी येथे मेंदूला होते. म्हणजे हा रोग आहे. स्वभाव नव्हे, हट्ट नव्हे आणि वेडही नव्हे. आणि जे दाखवता येते, ते घडवताही येते.

पहिले शिल्प : दोन मेंदू

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. त्याची लांबी १६-१७ सेंटीमीटर, रुंदी सुमारे १४ आणि उंची सुमारे ९ सेंटीमीटर असते. आपण निम्म्या मापाचा मेंदू करू : ८ सेंटीमीटर लांब, ७ रुंद आणि जेमतेम ५ उंच. माती किती लागेल? निम्मी, असे म्हणाल तर फसाल! लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही निम्मी केली की घनफळ एक अष्टमांश होते. सुमारे दीडशे घन सेंटीमीटर, म्हणजे पाव किलोहून थोडी अधिक ओली माती एका मेंदूला पुरेल.

माती कणकेसारखी मळून घ्या. मेंदूचे उजवा आणि डावा असे दोन भाग वेगवेगळे करा, म्हणजे ते उघडून आतले दाखवता येईल. पृष्ठभागावर कोरणीने नागमोडी चरे पाडा. अक्रोडाच्या गरासारखे हे पृष्ठ म्हणजे मेंदूचे बाह्यक. विचार, भाषा, अंतराची आणि दिशेची जाण यांची केंद्रे यातच असतात. निरोगी मेंदूत हे चरे अरुंद असतात आणि त्यांच्यामधल्या वळ्या भरीव असतात.

आता आतला भाग. दोन्ही बाजूंना, कानाच्या पातळीवर, खोलवर एक वाकडा अवयव असतो. त्याचे नाव हिप्पोकॅम्पस. या ग्रीक शब्दाचा अर्थ समुद्रघोडा. त्याचा आकार तसाच दिसतो म्हणून हे नाव पडले. खरा हिप्पोकॅम्पस चार-पाच सेंटीमीटर लांब असतो, आपल्या शिल्पात तो दोन-अडीच सेंटीमीटरचा करा. तो लाल रंगवा, कारण नव्या आठवणी पक्क्या करण्याचे काम तो करतो. आज सकाळी तुम्ही काय खाल्ले, कोण भेटले, गुरुजींनी काय शिकवले, हे सारे लक्षात राहण्यासाठी त्याची गरज असते.

दुसरा मेंदू रोगग्रस्त करा. रोग वाढलेल्या मेंदूत पेशी मोठ्या प्रमाणात मेलेल्या असतात. त्यामुळे मेंदू आक्रसतो. त्याचे वजन हजार ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. म्हणून हा मेंदू थोडा लहान करा. वळ्या बारीक करा, चरे रुंद करा. मेंदूच्या मध्यभागी द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात, त्या मोठ्या दाखवा. हिप्पोकॅम्पस निम्म्या जाडीचा करा, कारण रोगाचा घाला सुरुवातीला त्यावर आणि त्याच्या शेजारच्या भागावर पडतो. जुने सारे आठवते, पण घटकाभरापूर्वी विचारलेला प्रश्न आठवत नाही, असे रुग्णाचे का होते, हे आता तुमच्या ध्यानात येईल. जुन्या आठवणी बाह्यकात कधीच्याच पक्क्या झालेल्या असतात. नवी आठवण पक्की करणारा कारागीरच आजारी पडलेला असतो.

माती वाळताना आक्रसते आणि तडकते, हे तुम्ही पाहिले असेल. त्यामुळे 'मेंदूही असाच वाळतो' असे सांगण्याचा मोह होईल. तो टाळा. मातीतले पाणी उडून जाते. पाणी घातले की ती पुन्हा मऊ होते. मेंदूतून जातात त्या जिवंत पेशी, आणि त्या परत येत नाहीत. शिल्पातील साम्य कोठे संपते, हे पाहणाऱ्याला सांगणे हेसुद्धा विज्ञानच आहे.

दुसरे शिल्प : हजारपट मोठी पेशी

अल्झायमर यांना सूक्ष्मदर्शकातून दिसलेले दृश्य सर्वांना दिसावे म्हणून ते हजारपट मोठे करू. मेंदूतील एका मोठ्या चेतापेशीचा गाभा सुमारे २० मायक्रोमीटर रुंद असतो. हजारपटीने तो होईल २ सेंटीमीटर, म्हणजे बोराएवढा. पेशीला फुटलेल्या फांद्या तारेच्या करा. पण एक अडचण येईल. पेशीचा लांब तंतू मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात जातो. तो १० सेंटीमीटर लांब असेल, तर हजारपटीने १०० मीटर होईल! शाळेचे मैदानही अपुरे पडेल. तेव्हा तंतूचा तुकडाच दाखवा आणि हा हिशेब शेजारी लिहा. पाहणाऱ्यांना तो नक्की आवडेल.

आता रोग दाखवू. पेशीच्या आवरणात एक मोठे प्रथिन असते. त्याचे तुकडे होत असतात. त्यांतला सुमारे ४० ते ४२ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे बीटा अमायलॉइड. १९८४ मध्ये अमेरिकेत ग्लेनर आणि वाँग यांनी तो वेगळा करून ओळखला. हे तुकडे वेळच्या वेळी निचरून गेले नाहीत, तर एकमेकांना चिकटतात आणि पेशींच्या मधल्या जागेत त्यांचे गोळे साचतात. असा एखादा गोळा ५० मायक्रोमीटरचा असला, तर आपल्या शिल्पात तो ५ सेंटीमीटरचा, मोठ्या लिंबाएवढा होईल. बोराएवढ्या पेशी आणि त्यांच्या मधे लिंबाएवढे ओबडधोबड गोळे, असे दृश्य दिसेल.

पेशीच्या आतले गुंते दुसऱ्या प्रथिनाचे, टाऊचे असतात. इमारत बांधताना बांबूंची परांची उभी करतात आणि बांबू काथ्याने बांधतात. पेशीच्या तंतूतही अशा सूक्ष्म नळ्यांची परांची असते. तिच्यावरून पेशीला लागणारे पदार्थ वाहून नेले जातात. ही परांची भक्कम ठेवणारा काथ्या म्हणजे टाऊ. रोगात हा काथ्या सुटतो आणि त्याचाच गुंता होतो. परांची ढासळते, वाहतूक बंद पडते आणि शेवटी पेशी मरते. शिल्पात हे दाखवायला सुतळीचे विस्कटलेले तुकडे उत्तम. ते पेशीच्या आत भरा; बाहेर ठेवले तर चूक होईल. गोळे बाहेर आणि गुंते आत, हे विसरू नका.

आणखी एक गोष्ट शेजारी लिहा. हे गोळे साचू लागतात ते लक्षणे दिसण्याच्या १५-२० वर्षे आधीपासून. म्हणजे सत्तराव्या वर्षी दिसणाऱ्या रोगाची सुरुवात पन्नाशीतच झालेली असू शकते.

हाताची आठवण

येथवर आपण रोग काय नेतो ते पाहिले. पण तो काय ठेवतो? याचे उत्तर एका शिल्पकर्तीनेच दिले आहे.

कॅनडातील टोरंटो शहरात मेरी हेक्ट नावाच्या शिल्पकार होत्या. त्यांना बराच पुढे गेलेला स्मृतिभ्रंश होता. स्मृतिभ्रंश म्हणजे स्मृती, भाषा, विचार यांचा ऱ्हास होऊन रोजचे व्यवहार अडणे. तो निरनिराळ्या रोगांमुळे होतो. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण आहे. मेरी हेक्ट यांचा स्मृतिभ्रंश मात्र मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील बिघाडामुळे झालेला होता. डॉक्टरांच्या चाचणीत त्यांना घड्याळात सांगितलेली वेळ दाखवता आली नाही, काही प्राण्यांची नावे सांगता आली नाहीत, लक्षात ठेवायला दिलेले शब्दही आठवले नाहीत. पण रोस्त्रोपोविच या विख्यात चेलोवादकाच्या निधनाची बातमी २००७ मध्ये रेडिओवर ऐकल्यावर त्यांनी केवळ आठवणीतून त्याचे हुबेहूब रेखाचित्र काढले! कलेविषयी त्या न अडखळता बोलत. डॉक्टर फोर्नाझ्झारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हकीकत २०१३ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

हे कसे घडते? स्मृती ही एकच पेटी नाही. 'काल काय झाले' ही एक स्मृती, 'कसे करायचे' ही दुसरी. सायकल चालवणे, पोहणे, पोळी लाटणे, मातीला आकार देणे या हातात मुरलेल्या कौशल्यांसाठी लहान मेंदू आणि मेंदूच्या खोल भागातील काही केंद्रे कामाला येतात. अल्झायमरमध्ये त्यांना पुष्कळ उशिरा इजा होते. म्हणूनच नातवाचे नाव न आठवणारी आजी फुलांचा हार मात्र सफाईने गुंफू शकते. 'हे बरे आठवते!' असा टोमणा अशा वेळी कोणी मारला, तर तो चुकीचा आहे. ती सोंग करीत नसते. तिच्या मेंदूचा एक भाग थकलेला असतो आणि दुसरा काम करीत असतो.

कौशल्ये कायमची शाबूत राहतात असेही नव्हे. लंडनमध्ये राहणारे चित्रकार विल्यम युटरमोलेन यांना १९९५ मध्ये अल्झायमरचे निदान झाले. त्यानंतर २००० सालापर्यंत ते स्वतःची चित्रे काढीत राहिले. ती ओळीने पाहिली तर चेहऱ्याची प्रमाणे बिघडत जातात, नाक-डोळे पुसट होतात. मेंदूची अंतराची आणि आकाराची जाण हळूहळू कशी जाते, याची ती नोंदवहीच आहे. २००१ मध्ये डॉक्टरांनी ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे ठेवली. युटरमोलेन २००७ मध्ये वारले. त्यांची चित्रे मात्र आजही लोकांना हा रोग समजावून सांगतात.

तिसरे शिल्प : शंभर पणत्या

सुटी वस्तू साधी असली तरी मांडणीतून तिला अर्थ येतो, अशा शिल्पाला मांडणशिल्प म्हणतात. अमेरिकेत अल्झायमर असोसिएशन ही संस्था गावोगावी पदयात्रा काढते. सहभागी लोकांच्या हातात फुलासारखी भिरभिरी असतात. ज्याला स्वतःला हा रोग आहे त्याचे निळे, ज्याचे माणूस या रोगाने गेले त्याचे जांभळे, जो रुग्णाची शुश्रूषा करतो त्याचे पिवळे आणि नुसता पाठिंबा द्यायला आला त्याचे नारिंगी. सारी भिरभिरी एकत्र रोवली की त्यांची बाग होते. एकही शब्द न बोलता, हा रोग किती घरांत पोचला आहे ते कळते.

आपण मातीच्या शंभर पणत्या करू. भारतात साठ व त्यापुढील वयाच्या लोकांची एक मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार दर शंभरांमागे ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे. देशातील एकूण रुग्ण सुमारे ८८ लाख. स्त्रियांत आणि ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. म्हणून शंभर पणत्यांपैकी सात पणत्यांच्या वाती बारीक ठेवा. त्या विझवू मात्र नका! मेरी हेक्ट यांची हकीकत आठवा. रुग्णाची ज्योत मंद होते. ती विझलेली नसते. (पणत्या शिक्षकांच्या देखरेखीखालीच लावा.)

आता शंभर पणत्यांकडे पुन्हा पाहा. साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी सुमारे त्र्याण्णव ज्योती ठसठशीत तेवत आहेत. मग साठी आणि बुद्धी नाठी हे खरे कसे? वय वाढेल तसा धोका वाढतो, हे खरे; पण बुद्धी जाणे हा वयाचा नियम नव्हे. या एका मांडणीने म्हण खोटी ठरते.

पाटीवर काय लिहाल?

ही म्हण खोटी ठरवण्याने काय साधते? पुष्कळ साधते. 'वयच झाले' असे म्हटले की डॉक्टरकडे जाण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि विसरण्याची काही कारणे अशी आहेत की ती उपचारांनी दूर होऊ शकतात : बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मंदावणे, मनाचे नैराश्य, काही औषधांचा परिणाम. तपासणीच झाली नाही, तर बरा होऊ शकणारा माणूसही विनाकारण खितपत पडतो.

म्हणून शिल्पाशेजारच्या पाटीवर नीट फरक लिहा. चष्मा कोठे ठेवला ते विसरणे कोणाचेही होते. पण तोच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा विचारणे, रोजच्या मंडईतून घरी येण्याची वाट न सापडणे, वर्षानुवर्षे केलेल्या स्वयंपाकाचा क्रम चुकणे, ओळखीच्या वस्तूंची नावे न आठवणे, असे वारंवार होऊ लागले तर डॉक्टरांना दाखवावे. मात्र घरच्या वडीलधाऱ्यांची तुम्ही परीक्षा घेऊ नका. 'मी कोण ते सांगा बरे?' असे विचारून कोणाला बरे होता येत नाही. फक्त लाज वाटते. उलट आपण होऊन आपले नाव सांगावे : 'आजी, मी सुनीता, शाळेतून आले.'

अल्झायमर पूर्णपणे बरा करणारे औषध अजून नाही. काही औषधांनी लक्षणे काही काळ सौम्य होतात. अमायलॉइड काढून टाकणाऱ्या एका औषधाला २०२३ मध्ये आणि दुसऱ्याला २०२४ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. सुरुवातीच्या टप्प्यात ती रोगाची चाल थोडी मंदावतात. पण त्यांचे दुष्परिणाम गंभीर असू शकतात. टाळण्यासारखे मात्र बरेच आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'ने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने धोका वाढवणारी १४ कारणे सांगितली. त्यांत अपुरे शिक्षण, उपचार न केलेला बहिरेपणा, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव आणि एकटेपणा ही कारणे आहेत. ही चौदाही कारणे दूर करता आली, तर जगातील जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे. यादीतले पहिले कारण पुन्हा वाचा. तुम्ही शाळेत शिकता आहात, हेसुद्धा मेंदूचे रक्षण आहे.

एक सूचना. माती मळताना घरातील किंवा शेजारच्या आजी-आजोबांनाही बोलवा. त्यांतल्या कोणाला विसरायला होत असेल, तर त्यांना आवर्जून बोलवा. काय करायचे ते शब्दांत सांगत बसू नका. मातीचा गोळा त्यांच्या हातात द्या आणि शेजारी बसून पणती करू लागा. शंभरातल्या चार-दोन पणत्या त्यांच्या हातच्या झाल्या, तर प्रदर्शनात त्या पहिल्या ओळीत मांडा आणि त्यांवर करणाऱ्यांची नावे लिहा.

तर मग, ओले फडके टाकून माती झाकून ठेवली आहे ना? लागा कामाला!